धारेवरची मोजणी: शिकारी पक्ष्यांच्या शरद गणनेच्या नोंदी

२६ सप्टेंबर

जागा आज पक्की झाली. डोंगराची ही धार उत्तर-दक्षिण सरळ जाते आणि दक्षिणेला निमुळती होते. पश्चिमेचा वारा तिच्या उतारावर आदळला की वर चढतो, आणि त्या चढत्या हवेवर बसलेल्या पक्ष्याला पंख न हलवता लांबवर जाता येतं. गरुड, गिधाडं, बझर्ड या जड अंगाच्या पक्ष्यांना पंख मारत हजारो किलोमीटर कापणं परवडत नाही. त्यांना वर उचलणारी हवा लागते, मग ती उतारावर चढणारी असो नाहीतर तापलेल्या जमिनीवरून उठणारे गरम हवेचे झोत, म्हणजे थर्मल, असोत. रुंद पाण्यावर थर्मल जवळजवळ नसतात, म्हणून हे पक्षी समुद्र टाळतात आणि डोंगर व पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत गोळा होतात.

जगातली मोठी गणनाठाणी अशाच जागी आहेत. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला एका शरदात ४० लाखांहून जास्त शिकारी पक्षी मोजले जातात. जॉर्जियातल्या बटुमीला काळा समुद्र आणि कॉकेशस यांच्यामधून १० लाखांहून जास्त जातात. आमची धार त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि त्याची मला खंत नाही. लहान ठाण्यावरची मोजणीसुद्धा दर वर्षी त्याच पद्धतीनं, त्याच दिवसांत झाली तर तिचं मोल वाढत जातं.

२८ सप्टेंबर

नियम ठरवायला अख्खी दुपार गेली. गेली ती बरंच झालं, कारण हंगाम सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत.

पहिला नियम रेषेचा. आमच्या ठाण्यापासून समोरच्या सुळक्यापर्यंत मनात एक रेषा आखली आहे. पक्षी ती रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडेल तेव्हाच मोजायचा. उलटा परतला तर वजा. कड्यावर घरटं केलेली खरुचीची (लहान ससाण्याची) जोडी आणि दरीत कायम फिरणाऱ्या घारी इथल्याच आहेत, त्या धरायच्या नाहीत. घारींच्या बाबतीत हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण स्थलांतर करणाऱ्या घारी याच दरीत उतरून थर्मल घेतात आणि स्थानिकांत मिसळतात. त्यांना वेगळं करायचा एकच मार्ग: प्रत्येकीवर नजर ठेवायची आणि ती रेषा ओलांडून नजरेआड होईपर्यंत सोडायची नाही.

दुसरा नियम तासाचा. नोंद दिवसाची न ठेवता तासाची ठेवायची. प्रत्येक तासाच्या ओळीत गणक किती, वाऱ्याची दिशा आणि जोर, ढग किती, किती लांबचं दिसतंय, पक्षी साधारण किती उंचीवरून जात आहेत, हे सगळं लिहायचं. त्यानंतर जातवार संख्या. पक्षी एकही नसला तरी ओळ भरायचीच. शून्य लिहिलेली ओळ आणि कोरी ओळ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत: पहिली सांगते की आम्ही पाहिलं आणि नव्हते, दुसरी काहीच सांगत नाही.

२ ऑक्टोबर

निरभ्र निळं आकाश. असा दिवस मोजणीला सगळ्यात कठीण. निळ्यात डोळ्याला टेकायला काही मिळत नाही, आणि ऊन चढलं की पक्षी इतके वर जातात की साध्या नजरेला उरतच नाहीत. पांढऱ्या ढगांच्या पार्श्वभूमीवर तोच पक्षी दोन किलोमीटरवरूनही ठिपका म्हणून सापडतो.

म्हणून नजर फिरवायची पद्धत सर्वांनी एकसारखी करायची ठरलं. दुर्बीण आधी क्षितिजावर लावायची, डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायची, मग दुर्बिणीतल्या वर्तुळाच्या उंचीएवढी वर उचलून परत डावीकडे यायचं. थोडा भाग आधीच्या भागावर चढलेला हवा, नाहीतर मध्ये फट राहते. दर वीस मिनिटांनी माणूस बदलायचा. थकलेले डोळे नेमके उंचावरचे पक्षी गाळतात, आणि ते गाळले गेले हे कागदावर कुठेच उमटत नाही.

मोहोळ घारी सकाळपासून एकेक, दोन-दोन अशा जात होत्या. नव्या गणकांना त्या आणि बझर्ड सारखेच दिसतात. मोहोळ घारीचं डोकं लहान आणि मान लांब, कबुतरासारखं पुढे आलेलं, शेपूट लांब, घिरट्या घालताना पंख सपाट. बझर्ड पंख थोडे वर उचलून धरतो, समोरून पाहिलं तर उथळ व्ही दिसतो. रंगावर विसंबायचं नाही. दोघांतही फिकटपासून गडद तपकिरीपर्यंत सगळ्या छटा असतात.

८ ऑक्टोबर

सलग रिकामे तास. पूर्वेचा वारा, खाली धुरकट. घारी चार-पाच, एक शिक्रा, बाकी शून्याच्या ओळी.

आमच्यातल्या एकीनं विचारलं की अशा दिवशी येण्यात काय अर्थ आहे, चांगला वारा बघूनच यावं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला इथे नीट लिहून ठेवायचं आहे. फक्त चांगल्या दिवशी मोजलं तर आकडे भरघोस येतील, पण ते पक्ष्यांबद्दल न बोलता आमच्या निवडीबद्दल बोलतील. पुढच्या वर्षी कुणी हवामान जास्त चांगलं ओळखलं तर संख्या ‘वाढली’ असं दिसेल, आणि पक्षी तेवढेच असतील. किंवा खरोखर घटले असतील आणि आमच्या हुशारीनं ती घट झाकली जाईल. या दुसऱ्या शक्यतेची मला जास्त भीती वाटते.

शिवाय पूर्वेच्या वाऱ्यात पक्षी थांबतातच असं नाही. उचलणारी हवा धारेच्या पलीकडच्या अंगाला तयार होते आणि ते तिकडून जातात. आमच्या कागदावर शून्य, आणि पलीकडच्या दरीत कदाचित चांगला ओघ. म्हणूनच वाऱ्याचा रकाना पक्ष्यांच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा. शेवटी आपण लिहितो ती संख्या म्हणजे गेलेले पक्षी नव्हेत. तेवढ्या वेळात, तशा हवेत, तेवढ्या डोळ्यांना दिसलेले पक्षी. हे वाक्य मी नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला लिहून ठेवलं आहे.

१३ ऑक्टोबर

आज पहिला मोठा थवा. साडेदहाच्या सुमारास उत्तरेच्या खोऱ्यावर घारी फिरू लागल्या. आधी दहा-बारा, मग बाजूनं येणाऱ्या त्यात मिसळत गेल्या आणि पाहता पाहता एक उंच फिरता खांब उभा राहिला.

असा थवा फिरत असताना मोजायचा नसतो. वरचे खाली, खालचे वर, पुढचे मागे. एकच पक्षी तीनदा मोजला जातो आणि दुसरा राहून जातो. थांबायचं. थर्मलच्या माथ्यावर पोचले की ते पंख आखडून दक्षिणेला घरंगळतात, आणि तेव्हा तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखे एकामागून एक निघतात. त्या रांगेवर एक ठिकाण ठरवून तिथून जाणारा प्रत्येक पक्षी टॅली काउंटरवर (बटण दाबलं की एकानं आकडा वाढवणाऱ्या हातातल्या यंत्रावर) दाबायचा. एकानं फक्त मोजायचं, दुसऱ्यानं जात ओळखायची आणि मध्ये वेगळं काही दिसलं तर सांगायचं. घारींच्या रांगेत एखादा बूटेड गरुड मिसळलेला असतो आणि संख्येच्या नादात तो हमखास निसटतो.

रांग फार दाट झाली तर दहा-दहाच्या गटानं. आधी दहा पक्षी खरे मोजायचे, ते आकाशात केवढी जागा घेतात ते डोळ्यात बसवायचं, मग तेवढ्या जागेनं पुढे सरकत जायचं. संध्याकाळी आम्ही थव्याचा फोटो मोठा करून ठिपके मोजले आणि ते बघण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज चिठ्ठीवर लिहिला. सगळ्यांचेच अंदाज फोटोपेक्षा कमी निघाले, आणि थवा दाट असलेल्या भागात तर फारच कमी. डोळा दाटीला दबून जातो. आता आठवड्यातून एकदा हा सराव करायचा ठरलं आहे.

१८ ऑक्टोबर

‘अनोळखी’ रकान्यावरून बरीच चर्चा झाली. काहींना तो रकाना भरणं म्हणजे कमीपणा वाटतो. माझं मत उलट आहे. ज्या ठाण्याच्या कागदावर एकही ‘अनोळखी मोठा गरुड’ नाही, त्या ठाण्याच्या ओळखीवर माझा भरवसा बसत नाही. दोन किलोमीटरवरून, उन्हाकडे तोंड करून, पंख आखडून जाणारा तपकिरी गरुड स्टेप गरुड आहे की मोठा ठिपकेवाला, हे प्रत्येक वेळी सांगता येतच नाही. मग ‘गरुड, जात निश्चित नाही’ लिहावं आणि पुढे जावं. खूप असले तरी ते खरे आहेत. अंदाजानं जात चिकटवली की ती पुढे कायमची खरी मानली जाते, कारण वीस वर्षांनी तक्ता उघडणाऱ्याला आपली आजची शंका दिसत नाही.

भोवत्यांचा (हॅरियर पक्ष्यांचा) मात्र आनंद वेगळा. एक नर पांढुरका भोवत्या धारेच्या अगदी जवळून, आमच्या डोळ्यांच्या खालच्या पातळीवरून गेला. राखी-पांढरा, पंखाच्या टोकाला काळी बारीक पाचर. भोवत्ये थर्मलवर फारसे अवलंबून नसतात, गवतावरून पंख मारत जातात आणि वारा नसलेल्या सकाळीही दिसतात. म्हणून आठ वाजताची पहिली ओळ मला सोडवत नाही.

२३ ऑक्टोबर

स्टेप गरुड सुरू झाले. आज सकाळी नऊ ते दोन त्यांचा ओघ तुटलाच नाही.

इथून पुढे प्रत्येक गरुडाचं वय लिहायचं आहे. या वर्षी जन्मलेल्या पिल्लाच्या पंखाखाली रुंद पांढरा पट्टा असतो, तो लांबूनही चमकतो. प्रौढ एकसारखा गडद तपकिरी, पट्टा नाही. मधल्या वयाचे मधले, पट्टा विरत गेलेला आणि पिसं झडून पंखाची कड दातेरी झालेली. जिथे वय दिसलं नाही तिथे ‘वय माहीत नाही’.

वय का, याचं उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनकडे आहे. त्या डोंगरावर लोक शरदात बंदुका घेऊन जमत आणि धारेवरून जाणारे ससाणे-गरुड पाडत. १९३४ साली रोझली एज यांनी तो डोंगर ताब्यात घेऊन शिकार बंद केली. मॉरिस ब्रून यांना तिथे राखणीला नेमलं, आणि त्यांनी राखण करता करता रोजची मोजणी सुरू केली. १९३५ ते १९३९ मध्ये तिथून जाणाऱ्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत ४० टक्के लहान वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले, आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू दिसलं. अमेरिकन लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ साली कीटकनाशकांच्या विरोधात मांडलेल्या पुराव्यांत हे आकडे आहेत. प्रौढ गरुड अजून उडत होते, एकूण संख्या पाहणाऱ्याला धोका जाणवला नसता. पिल्लंच वाढत नव्हती. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होतात हे पुढे सिद्ध झालं आणि अमेरिकेत १९७२ साली त्यावर बंदी आली.

ब्रून मोजायला बसले तेव्हा डीडीटी बाजारात आलंसुद्धा नव्हतं. कशासाठी उपयोगी पडेल हे ठाऊक नसताना त्यांनी वयाचा रकाना भरला. मला या गणनेबद्दल जे काही वाटतं ते सगळं या एका गोष्टीत आहे. उद्याच्या प्रश्नाला लागणारी माहिती आज, प्रश्न नसताना गोळा करावी लागते. मागे जाऊन १९३५ चा गरुड पुन्हा मोजता येत नाही.

स्टेप गरुडाच्या बाबतीत तर प्रश्न आज समोरच आहे. २०१५ पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त आहे. गवताळ मैदानांवरच्या विजेच्या खांबांवर बसून धक्क्यानं मरणं हे त्याच्या ऱ्हासाचं एक मोठं कारण. तेव्हा दर शंभर गरुडांत पांढऱ्या पट्ट्याचे किती, ही नोंद आमच्यासाठी एकूण बेरजेपेक्षा वरची.

२८ ऑक्टोबर

उतरत्या उन्हात अमूर ससाणे. आम्ही स्कोप (तिकाटण्यावरची दुर्बीण) आवरत होतो आणि डोक्यावरून अरुंद पंखांचे छोटे पक्षी विखरून जाताना दिसले. सामान पुन्हा मांडलं.

यांचं गणित गरुडांच्या अगदी उलट. पूर्व रशिया आणि ईशान्य चीनमध्ये वीण, हिवाळा दक्षिण आफ्रिकेत, आणि वाटेत भारत ओलांडून पुढे थेट अरबी समुद्रावरून. थर्मलची वाट बघत बसणारा पक्षी हे करू शकत नाही. नागालँडमधल्या दोयांग जलाशयाजवळ ते शरदात प्रचंड संख्येनं उतरतात. २०१२ मध्ये तिथे जाळ्यांत हजारोंनी पकडले जात असल्याचं उघड झालं, आणि पुढच्याच वर्षी गावांनी शिकार थांबवली. त्या नोव्हेंबरात तीन पक्ष्यांवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले. नागा, वोखा आणि पांगती ही त्यांची नावं. एका हंगामात एवढा बदल होऊ शकतो हे आठवलं की मला फार बळ येतं.

ठरलेली वेळ संपल्यावर दिसलेले ससाणे मुख्य तक्त्यात घ्यायचे नाहीत. वेगळ्या पानावर, वेळ घालून. जिवावर आलं, पण नियम तो नियम.

२ नोव्हेंबर

काल रात्री पाऊस पडून गेला, पहाटे वारा वायव्येला फिरला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ. दोन दिवस अडकून पडलेले पक्षी अशा सकाळी एकदम निघतात हे वाचलं होतं. आज पाहिलं.

आठच्या ओळीतच गरुड. दहापासून एक सरळ प्रवाह, सुळका आणि ठाणं यांच्या बरोबर मधून, वाऱ्यावर पंख आखडून, एकही घिरटी न घालता. त्यांच्या मागे बझर्ड, एक काळं गिधाड, मग पुन्हा गरुड. बोलायला सवड नव्हती. ‘दोन प्रौढ, एक पट्टा, एक माहीत नाही’ एवढंच चाललं होतं, आणि लिहिणारी मान वर न करता लिहीत होती. दुपारी बारा ते एक थोडा खंड पडला, तोही पक्षी थांबले म्हणून नव्हे, ते उंच गेले म्हणून. स्कोप जवळजवळ सरळ वर धरल्यावर सापडले.

शेवटच्या ओळीनंतर कुणी निघायचं नाव काढेना. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना आम्ही काका म्हणतो, ते म्हणाले, “आजचा आकडा कुणाला सांगताना वाऱ्याची दिशा आधी सांगा.” अगदी बरोबर. आजच्या दिवसामुळे हा हंगाम ‘चांगला’ ठरत नाही. पाऊस दोन दिवस आधी किंवा नंतर आला असता तर हेच पक्षी तीन-चार दिवसांत पसरून गेले असते.

६ नोव्हेंबर

पलीकडच्या दरीकडे तोंड करून दुसरं ठाणं प्रयोग म्हणून चालवलं. पूर्वेच्या वाऱ्यात ओघ तिकडे सरकतो ही शंका खरी निघाली: आमच्याकडे तुरळक, तिकडे गरुडांची चांगली रांग.

दोन ठाणी म्हटली की एकच पक्षी दोनदा मोजला जाण्याचा धोका. बटुमीला २००८ पासून दोन ठाण्यांवर मोजणी होते, आणि तिथे ठाणी सतत एकमेकांशी बोलत राहतात. आम्ही वॉकीटॉकी वापरले. मधल्या शिखरावरून गेलेला पक्षी कुणाचा हे आधीच ठरवून दिलं: शिखराच्या पश्चिमेचे आमचे, पूर्वेचे त्यांचे, अगदी माथ्यावरचे आमचे. मोठा थवा आला की वेळ, दिशा आणि संख्या लगेच कळवायची. ही पद्धत चालते. पण या वर्षीच्या मुख्य तक्त्यात दुसऱ्या ठाण्याची संख्या मिळवायची नाही, नाहीतर अर्धा हंगाम एका डोळ्यानं आणि अर्धा दोन डोळ्यांनी मोजल्यासारखं होईल.

११ नोव्हेंबर

ओघ ओसरला. दिवसभरात तुरळक गरुड, त्यातही पांढऱ्या पट्ट्याचे कमी. भोवत्ये अधूनमधून.

संध्याकाळी आकडे संगणकात भरले. एकूण बेरीज मी मुद्दाम शेवटी काढली. आधी जातवार दर तासाला किती, मग तेच वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वेगळं. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या वाऱ्यांतल्या तासांची तुलना केली की लगेच दिसतं: गरुडांचा दर वाऱ्याबरोबर खूप बदलतो, भोवत्यांचा जेमतेम. म्हणजे पुढच्या वर्षी गरुड कमी दिसले तर आधी वाऱ्याचा रकाना तपासायचा. भोवत्ये कमी दिसले तर चिंतेला जास्त जागा आहे.

प्रौढ आणि पिल्लांचं प्रमाणही काढलं, वय न कळलेले वगळून. एका वर्षाच्या प्रमाणावरून काही म्हणणार नाही. ते तक्त्यात राहील, आणि त्याच्या शेजारी पुढच्या वर्षीचं येईल.

१५ नोव्हेंबर

मोजणी ठरल्या तारखेला बंद. मूळ कागदांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवल्या.

पुढच्या हंगामासाठी ठरलं ते असं. आम्ही बसलो तेव्हा मोहोळ घारी आधीच जात होत्या, त्यामुळे सुरुवात १० सप्टेंबरला करायची. या वर्षीशी तुलना मात्र फक्त सामायिक तारखांचीच. वयाचा रकाना भोवत्यांसाठीही उघडायचा. फोटोवरून मोजण्याचा सराव हंगामाआधी एकदा सगळ्यांनी मिळून करायचा. पलीकडचं ठाणं रोज चालवायचं असेल तर आणखी चार माणसं लागतील, आणि ती सप्टेंबरच्या आत शिकवून तयार हवीत. काकांनी दोघांची नावं सुचवली आहेत; त्यांना डिसेंबरात पाणपक्ष्यांच्या मोजणीला बोलावून बघणार आहोत.